फोकस जरा खाली घ्या

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. तंत्रनिकेतनात तीस वर्षे मुलांना पदार्थविज्ञान शिकवले, एवढीच माझी पात्रता. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा इतिहास शोधत बसण्याची वेळ माझ्यावर आली ती एका अपघातामुळे, आणि त्या अपघातात चूक माझी होती. तेव्हा आधी तेच सांगून टाकतो.

२००३ सालची दिवाळीची सुट्टी. आम्ही चिपळूणहून पुण्याला परतत होतो. कुंभार्ली घाट चढून कोयनानगर मागे टाकले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. मागच्या सीटवर सासूबाई, मेहुणी आणि दोन मुले. डिकीत तांदळाचे पोते, पंचवीसएक नारळ आणि बॅगा. गाडीचा मागचा भाग इतका बसला होता की घाटातल्या खड्ड्यांत दोनदा खाली घासला. पाटणच्या अलीकडे समोरून एक स्कूटर आली. मी लगेच डिपर दिला, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. तरीही ती स्कूटर जवळ येता येता डळमळली, डांबर सोडून साइडपट्टीवर उतरली आणि शेजारच्या उसात शिरली.

नवराबायको होते. त्यांना फारसे लागले नाही, पण बाईंचे मनगट मोडले. आम्ही त्यांना पाटणच्या दवाखान्यात नेले. मी त्या गृहस्थांना पुन्हा पुन्हा म्हणत होतो, "अहो, मी डिपर दिला होता." ते शांतपणे म्हणाले, "दिला असंल साहेब. पर मला तर दोन सूर्यच दिसले. रस्ता कुठं गेला तेच कळंना."

पुण्याला आल्यावर मी गाडीतले सामान उतरवलेच नाही. तसेच सोसायटीच्या मागच्या सपाट जागेत गेलो आणि भिंतीसमोर गाडी उभी केली. पुढचा बंपर जवळजवळ भिंतीला टेकवून दोन्ही दिव्यांचे मध्य खडूने खुणावले आणि मग गाडी सरळ मागे घेऊन भिंतीपासून दहा मीटरवर नेली. मघाचे प्रवासी वर गेले होते म्हणून त्यांच्या जागी शेजारची चार पोरे बसवली. खालचा झोत लावला. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर होता. झोताची वरची कड त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे तो झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. माझ्या गाडीची कड खुणेच्या चौदा सेंटिमीटर वर होती. म्हणजे पन्नास मीटर अंतरावर माझा तथाकथित डिपर जमिनीपासून १३५ सेंटिमीटर उंचीवर पोचत होता. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

सामान आणि पोरे उतरवली तरी कड खुणेच्या दोन सेंटिमीटर वरच राहिली. म्हणजे सगळा दोष तांदळाच्या पोत्यावर ढकलता येत नव्हता. आदल्या पावसाळ्यात मी हौसेने साठ-पंचावन्न वॅटचे बल्ब काढून शंभर-नव्वदचे बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने फोकस तपासला नाही आणि मीही त्याला तपास म्हटले नाही. दिवे लख्ख पडले यातच मी खूश होतो.

आता थोडे मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे कंदील असत. त्यांचा उपयोग रस्ता दिसण्यापेक्षा गाडी दिसण्यासाठीच जास्त. मग १८९२ साली थॉमस विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची युक्ती सापडली. आज कार्बाइड म्हटले की आपल्याला बेकायदा पिकवलेले आंबे आठवतात, पण एके काळी तो उजेडाचा माल होता. खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे, वरच्या टाकीत पाणी. थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि त्याची ज्योत पांढरीशुभ्र जळते. जत्रेतल्या दुकानांतून आणि जुन्या सायकलींवर असे दिवे ज्यांनी पाहिले असतील त्यांना तो उग्र वासही आठवत असेल. मोटारीवर या ज्योतीमागे आरसा बसवला आणि पहिल्यांदाच रात्रीचा रस्ता खरोखर दिसू लागला. समोरच्याचे डोळे दिपायला सुरुवातही तेव्हाच झाली, कारण ती ज्योत कमी-जास्त करण्याची सोय चालकाच्या हाताशी नव्हती. दिवा लावायचा तर गाडी थांबवून खाली उतरून काडी ओढावी लागे. विझवायचा तरी तेच.

विजेचा दिवा आला तो बॅटरी आणि डायनॅमो यांची जोडी जमल्यावर. अमेरिकेत १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी स्टार्टर, प्रज्वलन आणि दिवे अशी एकत्र विद्युतव्यवस्था बसवली. जर्मनीत बॉशने १९१३ साली डायनॅमो, रेग्युलेटर आणि दिवे असा संच बाजारात आणला. फोर्डची मॉडेल टी मात्र स्वस्त गाडी. १९१५ साली तिला विजेचे पुढचे दिवे मिळाले, पण ते चालत मॅग्नेटोवर. इंजिन जोरात तर दिवा प्रखर, इंजिन मंद तर दिवा मिणमिणता. हे मी वर्गात सांगितले की जुनी मुले हमखास हसत. कारण आपल्याकडच्या बजाज स्कूटरवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चौकात चेतक उभी राहिली की दिवा डोळे मिटायचा, आणि अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसावा म्हणून माणूस क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचा.

वीज आली आणि झोत खाली वळवण्याचे प्रयोग सुरू झाले. आधी बाहेर उतरून दिवाच तिरका करायचा, नंतर आत बसून दांडा ओढायचा, त्यानंतर पायाचे बटण. इंग्लंडमधली एक पद्धत मला फार मजेदार वाटते. समोरून वाहन आले की चालक कळ दाबी. त्यासरशी उजवीकडचा दिवा पूर्ण विझे आणि डावीकडच्या दिव्यातला आरसा विद्युतचुंबकाने खटकन खाली झुके. समोरच्याला दिसे एकच दिवा. ती मोटार आहे की मोटारसायकल, हे त्याने आपले ओळखावे!

खरा तोडगा निघाला तो १९२०च्या दशकाच्या मध्यावर, जर्मनीत. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. मागची तार आरशाच्या नाभीवर, तिचा झोत सरळ लांब जातो. पुढची तार नाभीच्या किंचित पुढे आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी. या वाटीमुळे तारेचा प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली वळतो. झोताची वरची कड कापल्यासारखी स्पष्ट दिसते ती या वाटीमुळे. पुढे १९७१ साली आलेल्या एच-फोर हॅलोजन बल्बमध्येही हीच वाटी आहे, आणि आपल्याकडच्या असंख्य गाड्या अजून त्याच बल्बवर चालतात.

ही वाटी मी इतकी घोळवून सांगतो आहे त्याला कारण आहे. आपल्याकडे हेडलाइटच्या काचेला काळा रंग लावण्याची पद्धत कित्येक वर्षे होती. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा, डिसेंबर १९७१च्या युद्धात, आमच्या आळीतल्या सगळ्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते आणि रस्त्यावरच्या मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केलेला मला स्पष्ट आठवतो. ती युद्धाची गरज होती. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर १९३९ला ब्लॅकआउट सुरू झाला तेव्हा तिथेही दिव्यांवर झाकणे आली. बारीक फटीतून थोडासा उजेड बाहेर पडे. फुटपाथच्या कडा आणि गाड्यांचे बंपर पांढऱ्या रंगाने रंगवावे लागले, आणि तरीही १९४१ साली तिथे रस्त्यावर नऊ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या देशातल्या कुठल्याही वर्षाचा तो सर्वांत मोठा आकडा आहे.

युद्ध संपले, पण आपल्याकडे काळा रंग मागे राहिला. कधी वरचा अर्धा भाग, कधी मधोमध ठिपका, कधी नुसती चिकटपट्टी. हेतू चांगला होता, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. पण आता ती वाटी आठवा. वाटीवाल्या बल्बचा खालचा झोत निघतो तो आरशाच्या वरच्या अर्ध्यातून आणि मुख्यतः काचेच्याही वरच्याच अर्ध्यातून बाहेर पडतो. काचेचा वरचा भाग काळा केला की अडतो तो सभ्य, खाली वळलेला झोत. डोळ्यांत जाणारा लांब झोत खालच्या अर्ध्यातून मोकळाच राहतो. म्हणजे रंग लावणारा ज्याला वाचवायला निघाला होता, त्याला फारसा फायदा नाही, आणि चालकाला मात्र जवळचा रस्ता दिसेनासा झाला. मी स्वतः माझ्या पहिल्या गाडीला असा रंग मोठ्या जबाबदारीने लावून घेतला होता. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस! बल्ब हातात घेऊन कधी पाहिलाच नव्हता.

या इतिहासातला सगळ्यांत चटका लावणारा माणूस म्हणजे एडविन लँड. झटपट फोटो देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक म्हणून तो जगाला माहीत आहे, पण तो कॅमेरा आला १९४८ साली. त्याआधी वीस वर्षे त्याच्या डोक्यात एकच विषय होता, मोटारीच्या दिव्यांनी दिपणारे डोळे. विशीतच त्याने प्रकाशाचे ध्रुवीकरण करणारा स्वस्त पातळ पडदा शोधला आणि १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना अशी : प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर हा पडदा पंचेचाळीस अंशांत तिरका बसवायचा आणि चालकाच्या डोळ्यांसमोरही तसाच एक. स्वतःच्या दिव्याचा रस्त्यावरून परतलेला प्रकाश स्वतःच्या पडद्यातून आत येतो, कारण दोन्हींचा तिरकेपणा एकच. समोरून येणाऱ्या गाडीचा पडदा मात्र आपल्याला आरशातल्यासारखा उलटा दिसतो. दोन पडदे एकमेकांशी काटकोनात आले की प्रकाश अडतो. दोन्ही गाड्या पूर्ण झोत लावून निघाल्या तरी कोणाचेच डोळे दिपणार नाहीत.

कागदावर यात काही चूक नाही. मी स्वतः दोन टॉर्च आणि दोन पडदे घेऊन वर्गात हा प्रयोग करून दाखवत असे, आणि मुले टाळ्या वाजवत. पण पडदा निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, म्हणजे दिवे दुपटीहून जास्त ताकदीचे हवेत. आणि मुख्य म्हणजे ही योजना सगळ्यांनी एकाच वेळी स्वीकारली तरच उपयोगी. पहिल्या माणसाने पैसे खर्च करून पडदे बसवले तर समोरच्या बिनपडद्याच्या गाड्यांपासून त्याला जुजबी आराम मिळणार, आणि त्याच्या जादा ताकदीच्या दिव्यांचा त्रास मात्र इतरांना होणार. मोटार कंपन्यांनी बरीच वर्षे विचार केला आणि शेवटी ती योजना बारगळली. लँडचे पडदे उन्हाच्या चष्म्यांत गेले.

अमेरिकेने मग दुसरी वाट धरली. १९४०च्या मॉडेलांपासून सगळ्या गाड्यांना सारख्याच मापाचा, सात इंची, बंद काचेचा गोल दिवा. आरसा, तार, काच सगळे एकत्र वितळवून बंद केलेले. बल्ब गेला की अख्खा दिवा बदलायचा. यात धूळ जात नाही, आरसा काळा पडत नाही. पण माझ्या दृष्टीने त्यातली खरी गंमत पुढची. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून या दिव्यांच्या काचेवर तीन बारीक उंचवटे येऊ लागले. गॅरेजातला मिस्त्री पाणसळ असलेले एक यंत्र रबरी चोषकाने त्या तीन उंचवट्यांवर चिकटवी आणि भरदिवसा, दिवा न लावताच, त्याचा फोकस बसवी. भिंत नको, अंधार नको. जुन्या अमेरिकन गाडीचे छायाचित्र हाती आले तर ते तीन ठिपके जरूर शोधा.

युरोपने मात्र वाटीचा बल्ब सोडला नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्या वाटीची एक बाजू पंधरा अंशांनी कापली. त्यामुळे खालच्या झोताची कड एका बाजूला सरळ राहते आणि दुसऱ्या बाजूला वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या गाड्यांत ती डावीकडे चढते. पादचारी, सायकलवाला, मैलाचा दगड त्या चढत्या उजेडात आधी दिसतो, आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जात नाही. भिंतीवर झोत पाडून पाहिला तर ही पायरी अगदी साफ दिसते. उजवीकडून चालणाऱ्या देशात हेच उलटे. लंडनला असणारा माझा भाचा गाडी घेऊन फ्रान्सला निघाला की बोटीवर चढण्याआधी दिव्यांच्या काचांवर दोन चिकटपट्ट्या लावतो, नाहीतर त्याची ती चढती बाजू थेट फ्रेंच डोळ्यांत जाईल. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली तेव्हा गाड्यांचे पुढचे दिवे बदलावे लागले. एका देशाची बाजू बदलण्याचा खर्च मोजताना रस्ते, पाट्या, बसचे दरवाजे सगळ्यांना आठवतात. हेडलाइट सहसा कोणाला आठवत नाही.

आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्याची जागा १९८८च्या कायद्याने घेतली आणि १९८९ साली केंद्रीय नियम आले. त्यातला १०६ क्रमांकाचा नियम मी अपघातानंतर प्रथम वाचला. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिव्याने दिपवता कामा नये. झोत कायमचा तसा खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो तसा वळवता यावा. किती नेमका नियम आहे पाहा. रस्त्याच्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाचे डोळे कायद्याने मीटरमध्ये मोजून ठेवले आहेत.

व्यावसायिक वाहनांची फिटनेस तपासणी होते, त्यात दिवेही बघतात. चांगल्या गॅरेजात रुळावर किंवा चाकांवर सरकणारी एक पेटी असते, तिला बीम सेटर म्हणतात. पेटीच्या तोंडाशी मोठे भिंग आणि आत छोटा पडदा. दहा मीटरवरच्या भिंतीवर जे चित्र दिसेल तेच भिंग त्या छोट्या पडद्यावर हातभर अंतरात आणून देते. पण खासगी गाडीवाला तिथे जातो कधी? ठोकली, दिवा फुटला, नवा बसवला, पेटला, झाले. अर्धा अंशाचा फरक नजरेला कळत नाही. मात्र दहा मीटरवर अर्धा अंश म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटर. माझ्या गाडीच्या उंचीच्या दिव्यात तेवढी चूक वरच्या बाजूला झाली की ६५ मीटरवर टेकणारा झोत जाऊन टेकतो जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर. उलट चूक खालच्या बाजूला झाली तर समोरच्याला त्रास नाही, पण आपल्याला रस्ता तीस-पस्तीस मीटरच दिसतो, आणि ताशी ऐंशीच्या वेगात गाडी थांबायला त्याहून बरेच जास्त अंतर लागते. म्हणून "खाली करून टाका" हेही उत्तर नाही.

ज्यांना घरी तपासायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो : चाकांतली हवा आधी बघा, जमीन खरोखर सपाट असू द्या, चालकाच्या जागी माणूस बसवा, गाडी एकदा-दोनदा दाबून सोडा म्हणजे स्प्रिंगा स्थिर होतील, आणि एका वेळी एकच दिवा उघडा ठेवून दुसऱ्यावर जाड कापड धरा. दिव्याच्या मागे सहसा दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावीकडे-उजवीकडे. डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे लिहिलेली छोटी चकती असेल तर तपासताना ती शून्यावर ठेवा. ती तांदळाच्या पोत्यासाठीच आहे. मागे वजन वाढले की तिने झोत खाली आणायचा. माझ्या तेव्हाच्या गाडीला ती नव्हती. आताच्या गाडीला आहे, आणि ती कशाची आहे हे मी विचारले तेव्हा गाडी विकणाऱ्या तरुणाला सांगता आले नाही.

अलीकडे लोक हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात एलईडीचे बल्ब घालतात. आरसा जिथे तार आहे असे गृहीत धरून बनवलेला असतो तिथे एलईडीचा उजेड नेमका नसतो. एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की कड विस्कटते आणि प्रकाश चहूकडे उधळतो. मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग होत नाही. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया होण्याआधी दोन वर्षे मी रात्री गाडी चालवणे सोडून दिले होते, कारण ढगाळलेल्या भिंगात असा विस्कटलेला प्रकाश आणखी पसरतो. समोरची गाडी निघून गेल्यावर तीन-चार सेकंद मला काहीच दिसत नसे. ताशी साठच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी पन्नास-साठ मीटर जाते. पाटणच्या त्या गृहस्थांना काय दिसले असेल, ते मला तेव्हा नीट कळले.

त्यांचा आमचा संबंध पुढे टिकला. बाईंचे मनगट बरे झाले, पण थंडीत अजून दुखते, असे त्या दर भेटीत सांगतात, आणि मी ऐकून घेतो. गेल्या मे महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा स्वतःची जुनी घेतलेली मोटार घेऊन पुण्याला आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, आधी गाडी मागच्या भिंतीसमोर लावायला सांगितली. तिथे माझ्या गेरूच्या रेघा अजून आहेत. सोसायटीने मध्यंतरी भिंत रंगवली, तेव्हा रंगाऱ्याला तेवढा भाग सोडायला लावला होता. अंधार पडल्यावर पाहिले, तर डावा दिवा बरोबर होता आणि उजव्याची कड सहा सेंटिमीटर वर. स्क्रू फिरवला, पण त्याची आतली प्लास्टिकची चकती तुटलेली, तो नुसताच गरगर फिरत राहिला. "काका, असाच जातो की, हळू चालवीन," तो म्हणाला. मी त्याला रात्री ठेवून घेतला आणि सकाळी उजेडात पाटणला पाठवले.